चाचा गप बसले तेवढं

पॉडकास्ट काढून राहिला ना तुमी? मग आमच्या पहिल्या एपिसोडचं ऐका.

वसमतला रहीमचाचांचं गाद्यांचं दुकान आहे. चारी बाजूनं कापूस, त्यामुळं आवाज जरा म्हणून घुमत न्हाई. मी अन् इरफाननं मोबाइल गादीवर ठेवला अन् विचारलं, "चाचा, चाची कशा होत्या?" चाची गेल्या साली वारल्या होत्या.

"खोळ शिवताना गुणगुणायची," चाचा म्हणले अन् गप झाले. दारातल्या उन्हात कापसाचे तंतू तरंगत होते. लई वेळानं पुढचं वाक्य आलं, "हिरवी ओढणी असायची." परत गप.

घरी मी इरफानला म्हणलं, "एवढं गप बसणं कोण ऐकतंय? काट सगळं." त्यानं काटलं. एपिसोड सरसर पळायला लागला.

अपलोड करायच्या आधी चाचांना ऐकवला. डोळे मिटून त्यांनी पूर्ण ऐकला.

"बेटा, यातली चाची कुठं गेली?"

"आहे की चाचा. तुमचा शब्द न् शब्द बराबर ठेवलाय."

"बोलताना कुठं होती ती? मी गप बसलो, तवाच तर येऊन राहिली होती."