देव निवडा

परळच्या हॉस्पिटलात हेमांगी परब नवऱ्याच्या रिपोर्टची वाट बघत बसली होती. शेजारच्या बाकावर एक वयस्कर गृहस्थ आणि त्यांची तरुण मुलगी. मुलीने डोक्याला रुमाल बांधला होता आणि ती मोबाइलवर गेम खेळत होती.

“पप्पा, इथे देव निवडायला सांगतायत. सात आहेत.”

“कशाला?”

“पूजा केली की तो शक्ती देतो. हा तलवारीला धार लावतो. ही नदीची देवी, ही जखमा भरते.”

“आपल्यात देव नसतो, आम्रपाली. तुझ्या आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हाच घरातले देव गेले.”

“गेममधलं आहे हो हे.”

“कोणीच नको, असं नाही का त्यात?”

“आहे ना, सगळ्यात खाली. पण मग जखम आपोआप भरत नाही. सोबतचे लोक मलमपट्टी करतात. वेळ लागतो.”

त्यांनी वाकून स्क्रीनकडे पाहिलं.

“त्या देवीला काय द्यावं लागतं?”

“नदीत एक दिवा सोडायचा. बस.”

“मग घे तिला. गेममधलंच आहे.”

“नको पप्पा. मी खालचंच घेतलंय. सोबतचे चांगले आहेत.”

दारातून नर्सने हाक मारली. “आम्रपाली तांबे, केमोसाठी आत या. नातेवाईक बाहेरच थांबा.”

“पप्पा, हा धरा. स्क्रीन काळी झाली की गेम पहिल्यापासून सुरू होतो.”

दार लागलं. तांबे दोन्ही हातांत मोबाइल धरून बसले. हेमांगी बघत होती. स्क्रीन जरा मंद झाली की ते हलकेच तिला बोट लावत होते.