संदेशाची पहिली ओळ

वय ४४ वर्षे, धंदा – संगणकावरील गुप्त संदेशांची कुलपं कितपत पक्की आहेत हे तपासणे, राहणार नदीच्या पुलाजवळ, कापडाच्या दुकानावर, दुसरा मजला.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, नवऱ्याच्या मारहाणीतून सुटून आलेल्या बायकांसाठी शहरात एक निवाराघर आहे. त्याचा पत्ता बाहेर कुणाला सांगत नाहीत. तिथली देखरेख करणाऱ्या बाईंना सगळ्या मावशी म्हणतात. त्यांची मुलगी माझ्या कार्यालयात आहे. तिच्या सांगण्यावरून मी या कामात पडले.

मागच्या आठवड्यात तिथे राहणाऱ्या एका शिक्षिकेचा नवरा सकाळी दाराशी येऊन उभा राहिला. शेजाऱ्यांनी त्याला धरेपर्यंत तिच्या मनगटाचे हाड मोडले होते. तिची मुलगी आतल्या खोलीत होती. किल्ल्या आणि बाजारहाट मावशींकडे, म्हणून पत्ता त्यांनीच फोडला असे सगळ्यांनी धरून चालले. या पोलीस ठाण्यातही त्यांना दिवसभर बाकावर बसवले होते.

बायका माहेरी खुशाली कळवतात ते ॲप मी तपासले. संदेश निघताना त्यातले प्रत्येक अक्षर एका गुप्त अक्षरमाळेत मिसळले जाते. वाटेत कुणी पकडला तरी त्याला काही अर्थ लागत नाही. ही माळ प्रत्येक संदेशाला नवी हवी. ॲप बनवणाऱ्यांनी प्रत्येक बाईला एकच माळ कायमची देऊन टाकली होती. अशा वेळी एका संदेशातला थोडा मजकूर आधीच ठाऊक असला, की माळेचा तेवढा तुकडा हाती येतो. त्याने बाकीच्या सगळ्या संदेशांचा तेवढा भाग उघडतो. मग अर्धवट शब्द पुरे करत पुढे सरकायचे. याला फार हुशारी लागत नाही, चिकाटी लागते.

नवरा घरोघरी इंटरनेट जोडून देतो. सासूच्या, म्हणजे शिक्षिकेच्या आईच्या, घरचे इंटरनेटचे यंत्र त्यानेच बसवले होते. त्यातून येणारे संदेश तो साठवत होता. शिक्षिका आईला बहुतेक वेळी "आई, मी बरी आहे, गोळ्या घेतल्यास ना" अशीच सुरुवात करते. संसारात असतानाही त्याच्यादेखत हेच लिहायची. घाईत लिहिलेले थोडे संदेश वेगळे सुरू होतात, त्यांचाच मजकूर आधी उघडला. त्याच्या जप्त संगणकात उघडलेले संदेश मला आपल्यासमोर सापडले. एकात तिने लिहिले आहे की, खिडकीतून पाण्याची टाकी दिसते, तिच्यावर बदकं रंगवली आहेत, तुझी नात ती रोज मोजते. त्या टाकीवरूनच त्याने घर हुडकले.

हे मी शिक्षिकेला दवाखान्यात समजावले. ती म्हणाली, "म्हणजे पत्ता मीच दिला."

मी म्हटले, "नाही बाई, कुलूपच कच्चं होतं."

तिने मान हलवली. पटले असे वाटले नाही.

काल मावशींच्या घरी जाऊन सांगितले की, आता संशय उरलेला नाही, तुम्हाला कामावर बोलावले आहे. त्या भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "इतके दिवस माझ्या हातचा चहा कुणी घेतला नाही. आता घेतील गं. पण करावासा वाटला पाहिजे ना मला."

कधी येणार ते त्यांनी सांगितले नाही.

मी बोलले तसेच हे उतरवले आहे. मला मोठ्याने वाचून दाखवले, त्यात कमीजास्त काही नाही, सर्व खरे आहे.