ब्याण्णव सफरचंदं

(दवाखान्यातली व्यायामाची खोली. मास्तरांच्या डोळ्यांवर आभासी बाग दाखवणारा जाड काळा चष्मा, उजव्या हातात मोटर लावलेला हातमोजा. शेजारी मुलगी टॅबलेट घेऊन बसलेली.)

फिजिओ: ब्याण्णव! काका, शंभरातली ब्याण्णव सफरचंदं टोपलीत!

मास्तर: वा. आता गाडी लावून विकायला बसतो.

मुलगी: बाबा, जरा नीट बोला ना.

मास्तर: नीटच बोलतोय. महिना झाला रोज पाऊण तास फळं तोडतोय, एक खायला मिळालं नाही. आणि ती चष्म्यातली बया! प्रत्येक फळाला 'शाब्बास'. चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले, एवढ्यांदा शाब्बास कुणी म्हटलं नाही.

फिजिओ: त्यानं हुरूप येतो, काका. पक्षाघाताच्या झटक्यानं मेंदूची हाताकडे जाणारी वाट बंद झालीय. समोर बाग दिसली, की मेंदू फळ तोडायला धडपडतो आणि नवी वाट शोधतो.

मास्तर: त्याला सांगा, आमच्या घरी बाग नाही. कात्री आहे.

फिजिओ: बरं, बातमी ऐका. सलग तीन दिवस नव्वदच्या वर गेलात. या शुक्रवारी तुमचा कोर्स संपेल. सोमवारपासून या खुर्चीत दुसरे पेशंट.

मास्तर: म्हणजे मी बरा झालो?

फिजिओ: आकडे तरी तेच सांगतात.

मास्तर: मग हा चष्मा काढा, मोजा काढा आणि टेबलावरचं पेन उचलायला सांगा मला. सांगा की!

मुलगी: बाबा, दमलात तुम्ही. उद्या बघू.

मास्तर: तू गप्प बस.

फिजिओ: हं, काढलं. उचला.

मास्तर: बघा. उचलतोय. दिसतंय का काही?

फिजिओ: बोटं तर... हलतसुद्धा नाहीत. असं कसं? स्कोअर ब्याण्णव आहे!

मास्तर: तो मोज्याचा स्कोअर. त्यालाच घरी पाठवा. ठणठणीत बरा झालाय तो.

फिजिओ: मोजा फक्त आधार देतो, काका.

मास्तर: मला शिकवता? शिलाई मशीनवर जन्म गेला माझा. कापड मी सरकवतोय की मशीन ओढून नेतंय, हे डोळे मिटून कळतं. पहिले दोन दिवस हात मी हलवत होतो. तिसऱ्या दिवसापासून हाच मला ओढतोय.

फिजिओ: ताई, तो टॅबलेट द्या.

मुलगी: कशाला?

फिजिओ: द्या हो. ...ही मोज्याच्या मदतीची पट्टी शंभरावर? मी वीसवर ठेवली होती! सगळं मोटरच करतेय. सुरू-बंद करायला टॅबलेट तुमच्याकडे देते मी. पट्टीला हात कुणी लावला?

मुलगी: मी.

मास्तर: काय?

मुलगी: दुसऱ्या दिवशी सहा आली होती. फक्त सहा. तुम्ही भिंतीकडे तोंड करून बसलात, घरी येऊन जेवला नाहीत. मला बघवेना. मग पट्टी थोडी सरकवली. मग रोज आणखी थोडी. वाटलं, आकडा वाढला की तुम्हाला उभारी येईल.

फिजिओ: अहो, त्यांनी स्वतः जोर लावला तरच उपयोग! महिना फुकट घालवलात. परवा मी त्यांना घरी पाठवत होते!

मास्तर: तुम्ही तिच्यावर ओरडू नका, बाई. महिनाभर तुम्ही काय बघितलंत? आकडा. गिऱ्हाईक दारात उभं, आणि तुम्ही त्याच्याकडे न बघताच मापं लिहीत बसलात.

फिजिओ: ...चुकलं माझं. दर आठवड्याला मोजा काढून हात बघायला हवा होता.

मास्तर: आणि तू. माझ्या सदऱ्यांची बटणं काढून वेल्क्रोच्या चिकटपट्ट्या लावल्यास, तीही माझ्याच मशीनवर. शिंप्याच्या अंगावर चिकटपट्टी! रस्त्यानं येताना छातीवर हात धरून येतो मी. लाज वाटते.

मुलगी: तुमचे हाल बघवत नाहीत, बाबा.

मास्तर: मग बघू नकोस. पण माझ्या वाटचं काम त्या मोज्याला देऊ नकोस.

फिजिओ: शुक्रवार रद्द. नव्या पेशंटना दुपारची वेळ देते. पट्टी पुन्हा वीसवर. आत्ता करायचं का एकदा?

मास्तर: घाला तो चष्मा.

फिजिओ: सुरू. ...जोर लावा. खांद्यानं नको, बोटांनी. ...बास. झालं.

मुलगी: किती?

फिजिओ: तीन.

मास्तर: बया बराच वेळ गप्प होती. कानांची सुटका झाली.

मुलगी: बाबा, कपाळावर केवढा घाम आलाय. पुसू?

मास्तर: राहू दे. ती बटणं टाकून दिलीस का?

मुलगी: नाही. डबीत आहेत.

मास्तर: आज परत शिव सदऱ्याला.

मुलगी: शिवते. पण सकाळी लावायला तास जाईल. मी जवळ थांबते, हवं तर...

मास्तर: तू बाहेर थांब. मी हाक मारेपर्यंत दार उघडू नकोस.