एका डिस्कवर एकच तास

आजच्या या निरोप सोहळ्याचे अध्यक्ष आदरणीय किसनराव, प्रमुख पाहुण्या बेबीताई, मंचावरील ज्येष्ठ मंडळी, केळापूर तालुक्यातले माझे समस्त फोटो-व्हिडिओवाले बांधव, आणि ज्यांच्यासाठी आपण कामधंदा सोडून जमलो त्या आपल्या नलूताई मेश्राम, सर्वांना या रूपसिंग राठोडचा नमस्कार.

दहा वर्षं पांढरकवड्यात लग्नाच्या व्हिडिओंची मिक्सिंग, म्हणजे काटछाट-जोडणी, करून नलूताई उद्या नागपूरला निघाल्या. कोणी म्हणेल, कम्प्युटरवर बसणारी बाई, त्यात नवल ते काय? सांगतो. मात्र त्यासाठी आधी माझा गाढवपणा सांगावा लागेल. हसा, हसा! तुमच्यातल्या निम्म्यांनी तोच केलेला आहे.

गेल्या वर्षी माझ्या बिजलीचं लग्न झालं. शूटिंग मीच केली. दुसऱ्याच्या हाती कॅमेरा द्यायला जीव धजेना. आमच्या बंजारा समाजात सासरी निघताना नवरी ढावलो म्हणते, म्हणजे रडत रडत गायचं निरोपाचं गाणं. ते तिला माझ्या याडीनं, म्हणजे आईनं, सुखीबाईनं शिकवलं होतं. आजीच्या गळ्यात पडून पोरगी गायली. आणि मी काय केलं? आपल्या धंद्याची रीतच ती! नलूताईंना सांगितलं, "ताई, हे रडणं-बिडणं काढा, वरून पिक्चरचं गाणं टाका, अन् चार तासांचं लग्न एकाच डिस्कमध्ये बसवा." कापूस बुडाल्याचं ते साल, लोकांकडं पैसा नाही, कॅसेटही पुरवून वापरायची. लग्नाच्या मूळ कॅसेटवरच मी झरी जामणीच्या एका हळदीची शूटिंग घेऊन मोकळा झालो.

दोन महिन्यांत याडी गेली.

सासरहून, मुकुटबनहून, बिजलीचा फोन आला. "बाबा, मले आजीचा आवाज पायजे." काय सांगू तिला? डिस्कमध्ये याडीचं तोंड हलत होतं, तेही चौकटी-चौकटी झालेलं, आणि आवाज कोण्या हिरोइनचा! वीस वर्षं लोकांची लग्नं जपणारा मी, स्वतःच्याच आईला पुसून बसलो होतो.

नलूताईंकडे गेलो. मान वर होईना.

"काहून रडता, भाऊ? मूळ फाईल आहे न! आवाज मी तिच्या दुसऱ्या कॉपीतून काढला होता. जित्या माणसाचं बोलणं पुसाले माहा हात उचलत नाही."

सीझन तोंडावर होता, स्टुडिओचे मालक कम्प्युटरमधली जागा रिकामी करा म्हणून ओरडत होते, आणि या माउलीनं तासाला तेरा जीबी खाणारं ते धूड सांभाळून ठेवलं होतं! मी घाईनं म्हटलं, मग जुन्या डिस्कवरच आवाज चढवा.

"उकळलेल्या पत्तीचा पुन्हा चहा करता का?" ताई म्हणाल्या. "मूळ फाईलीतूनच डीव्हीडी करू. एका डिस्कवर एकच तास. चित्र दाबाचं नाही, आवाज तं बिलकूलच नाही."

एका तासाच्या चित्राला मशीन सात तास घ्यायची. पाचव्या तासाला लोडशेडिंग! इन्व्हर्टरनंही मान टाकली. पुन्हा पहिल्यापासून. असे तीन दिवस. मग सगळ्यात कमी वेगानं डिस्क लिहिली, साध्या टीव्हीवर लावून पाहिली, आणि पहिली चक्क फेकून दिली. का? तर म्हणे आजीचा हात हलला की बांगड्यांच्या कडा कातरल्यासारख्या दिसतात. अहो, मला कॅमेरावाल्याला ते दिसतही नव्हतं!

डिस्क घेऊन मुकुटबनला गेलो. टीव्ही लागला. याडीच्या ओढणीवरचा एकेक आरसा चमकत होता. बिजली गायली, हुंदका आला, थांबली. आणि त्या थांबण्यात बारीकसं काही ऐकू आलं. याडी तिच्या कानात बोलत होती. शूटिंगच्या वेळी मी दोन हात अंतरावर उभा होतो, पण ते माझ्या कानी पडलंच नव्हतं. वाटलं, पुढची ओळ सांगत असेल. नाही हो! आमच्या बोलीत ती म्हणत होती, "तिकडं पाहू नको, पोरी. तुहा बाप रडून राह्यला. तू पाहशील तं त्याचा कॅमेरा हालन."

बिजलीनं डिस्क मागं नेली आणि पुन्हा लावली.

अध्यक्ष महोदय, वेळ फार घेतला. आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, उपकार झाले. जीभ कुठं घसरली असेल तर या अडाणी माणसाला सांभाळून घ्या. नलूताई, मला वाटायचं मी कॅमेऱ्याआड होतो, कोणाला दिसलो नाही. माझ्या आईनं मला रडताना पाहिलं होतं, हे मला तुमच्यामुळं कळलं. जय भीम, जय सेवालाल.