घड्याळवाल्याच्या पायरीवर

ताई : अरे थांब, थांब. पान उलटू नकोस. आधी माझा चष्मा दे.

नवरा : बघ ना ताई, सावकाश बघ. फोटो-स्पर्धेच्या पुस्तिकेत, चक्क मुखपृष्ठावर छापलाय! कुठकुठल्या देशांतून फोटो आले होते, आणि पहिला कोण? तुझा भाऊ. बँकेत पासबुकं छापणारा.

ताई : कळलं रे. सकाळपासून गल्लीभर सांगत सुटलायस. ही पायरीवर बसलेली बाई कोण?

नवरा : खाली लिहिलंय की, 'परक्या गावातली अनोळखी स्त्री.' प्रवासात दिसली, टिपली.

ताई : अनोळखी? मेल्या, हा स्वेटर मी विणलाय! खांद्यावर बघ, टाके चुकले होते, उसवायचा कंटाळा केला मी. वहिनी! अगं ए, इकडे ये आधी!

बायको : काय झालं ताई? गॅसवर चहा ठेवलाय.

ताई : मरू दे चहा. तोंड झाकलंय, पण ही तूच ना?

बायको : बघू... हो, मीच. ही त्या घड्याळवाल्याची पायरी.

नवरा : सांगणारच होतो तुला. म्हटलं, सरप्राइज...

बायको : म्हणूनच दाखवत नव्हतास होय? 'उद्या प्रदर्शनाच्या हॉलमध्येच बघ' म्हणे.

ताई : कसली पायरी ग?

बायको : ताई, सहलीत माझी पर्स मारली होती ना? फोन, पैसे, सगळं गेलं, आणि गर्दीत आमची चुकामूक झाली. तिथली भाषा येईना, हॉटेलचं नाव आठवेना. म्हटलं, चुकलो तिथेच बसावं, हा येईल शोधत. शेवटी तोंड झाकून रडले. हा आला तो म्हणाला, पायांचे तुकडे पडले तुला शोधून.

ताई : आणि हा समोरून फोटो काढत होता? काखेत कळसा नि गावाला वळसा! बायकोला ओळखलं नाहीस होय रे?

नवरा : तेच तर! लांबून काढला होता. जवळ आलो तेव्हा कळलं.

बायको : खोटं बोलू नकोस. फोटोत घड्याळवाला आत बसलाय. तू आलास तेव्हा दुकान बंद झालं होतं. तो कुलूप लावून गेला, तेव्हा वाटलं, आता इथे माझं कुणीच नाही. मग मधल्या वेळात तू कुठे होतास?

नवरा : ...समोरच.

ताई : समोर?

नवरा : अगं, ऊन उतरत होतं, बरोबर तिच्या हातांवर. असा उजेड आयुष्यात एकदा मिळतो. एक चांगला आला, वाटलं, अजून थोडं थांबलो तर... ती कुठे जाणार होती? माझ्या नजरेसमोर होती. सुरक्षित होती!

बायको : ते तुला माहीत होतं. मला नव्हतं.

ताई : लाज कशी वाटली नाही रे?

नवरा : तू मध्ये पडू नकोस, ताई. इतकी वर्षं कॅमेरा गळ्यात घालून फिरलो, सगळ्यांनी हसून घेतलं. हिनेसुद्धा. आता कुठे कुणी पाठ थोपटतंय. परीक्षक म्हणाले, यातलं दुःख खरं आहे.

बायको : असणारच. माझं होतं.

नवरा : मग हा तुझाही मान नाही का?

बायको : तर अनोळखी का लिहिलंस?

नवरा : 'माझी बायको' लिहिलं असतं तर लोकांनी विचारलं असतं, तू काय करत होतास?

ताई : म्हणजे कळत होतं सगळं.

बायको : हॉटेलवर आल्यावर याचे पाय चेपले हो मी. वाटलं, बिचारा किती वणवण फिरला माझ्यापायी. घरी आल्यावर सगळ्यांना सांगितलं, नवरा असावा तर असा. तुम्हालाही सांगितलं ना?

ताई : सांगितलंस ग बाई. मीही चार ठिकाणी मिरवलं.

नवरा : चुकलं. झालं? आता पाया पडू? पण उद्या ये. पहिल्या रांगेत तुझी खुर्ची आहे. घरचं कुणी नसलं तर बरं दिसत नाही.

बायको : फोटो केवढा लावणार आहेत?

नवरा : भिंतभर! म्हणजे येतेस ना?

बायको : येते. खुर्ची नको मला. त्या बाईजवळ कुणीतरी जाऊन उभं राहायला हवं.