कोंड्यावर सोडवलेला बाप

मी मूळची पिंपळगाव राजाची अन् मले देल्ली अथी वरवट बकालले, म्हणाल तं एकाच जिल्ह्यातली गोष्ट, पण पाणी दोन मुलखाचं. माहेरी हिरीचं पाणी गोड, ओंजळीनं प्या अन् मोकळे व्हा. लगन होऊन आली, सासूनं तांब्या देल्ला, मी एक घोट घेतला अन् मले वाटलं नव्या नवरीची मस्करी करून राह्यले हे लोक, पाण्यात मीठ टाकलं. मी पदर तोंडाले लावून हासली. सासू म्हणे हासते कायले वो, मी म्हटलं मीठ जरा जास्त झालं मामी. मंग सासू म्हणे बाई, हे खारपाण होय, अथी असंच पाणी हाय, डाळ शिजत नाही, चहा फाटते, होईन तुले सवय. काय सांगू तुम्हाले, त्या दिवशी मी मोरीत जाऊन रडली. पोरी नवऱ्याच्या घरी माहेरासाठी रडतात, मी पाण्यासाठी रडली.

पुढं नळ आले, टँकर आले, पण ते मनातून गेलं नाही. भांडे घासता घासता मी विचार करत राहो का एवढी मोठी जमीन, सारीच खारी कशी असन, गोड पाणी असनच खाली कुठीतरी, कोणीतरी दाबून ठेवलं असन. कोणं ठेवलं, काऊन ठेवलं, त्याले काय पाह्यजे आपल्यापासून? हे कोणापाशी बोलली नाही. नवी सून असं बोलली असती तं लोकायनं अंगारा लावून आणला असता तिले.

धंदा माह्या शिलाईचा. ओसरीत मशीन हाय, ब्लाऊज, फॉल-पिको, शाळेचे ड्रेस. पोरी मापाले येतात, आठवी-नववी-दहावीच्या, एका जागी उभ्या राहत नाहीत, म्हणून मी माप घेता घेता त्याईले सांगू लागली का खाली असा असा देश हाय. गोठ सुरू झाली का पोरगी खांब होते, माप बरोबर येते. अन् तशीच ते गोठ वाढत गेली. तशी आमची माय म्हणे दिवसा गोष्ट सांगू नाही, मामा वाट चुकते. मी तं भर दुपारची सांगते. पण माह्ये मामा तसेही कधी घरी वेळेवर आले नाहीत, तं ते काय माह्यावर येत नाही.

आमच्या शेजारची वैष्णवी हाय, सुपडाभाऊची पोरगी, दहावीले. तीच म्हणे काकू, हे मोबाईलवर टाका, गोष्टीचं अ‍ॅप राहते, तुम्ही बोलत जा, अक्षरं आपोआप उमटतात, मी नीट करून देईन. तिनंच सारं जमवून देल्लं. आता मशीनच्या बाजूले मोबाईल उभा, पाय मशीनवर अन् तोंड त्या देशात. दर आठवड्याले एक भाग. पुण्या-नाशकाच्या पोरी वाचतात म्हणे. मले ताई म्हणतात, लेखिका ताई. सासू इचारे हे कोण होय लेखिका, मी म्हणो मीच असन बाप्पा, मलेही पक्कं माहीत नाही.

तुम्ही एवढ्या दुरून येऊन इचारलं का हे सुचते कसं. सांगते, पण सांगता येईनच असं नाही. देशाचं नाव मी निवळ ठेवलं, काऊन का गढूळ पाणी निवळल्यावर जसं दिसते तसा तो देश. तथच्या लोकायच्या सावल्या ओल्या, माणूस गेलं का मांगं पाण्याची रेघ राहते. हिरी ते लोक गुंडाळून खांद्यावर नेतात, सतरंजी नेल्यासारख्या, मन लागन तथी पसरवतात. खोटं बोललं का तहान लागते. हे पोरीईले लय आवडलं, शाळेत एकमेकीले म्हणतात तुले तहान लागली का बे. पण जादूले नियम पाह्यजे, मोकळी जादू बेचव होते. बाही कापायच्या आधी खांदा ठरवा लागते, तसंच. तं माह्या नियम असा का निवळचं पाणी तथीच बसून जो पेईन तो आपलं घर विसरन. म्हणून माह्यी तेजू, म्हणजे गोठीतली पोरगी, बापासाठी पाणी आणाले उतरली तं तिले भरल्या घागरीसंग तहानलेलंच परत या लागते. हा नियम कोठून आला? मले वाटते माह्यातूनच आला. अथचं पेऊन पेऊन मी माहेरच्या पाण्याची चव विसरली, अन् कधी विसरली ते समजलंही नाही.

माणसं बनवाची तं माह्यी रीत अशी का एकीची चाल घ्या, दुसरीची जीभ घ्या, तिसरीचं भेव घ्या. पूरं माणूस उचललं का त्याचा फोटो होते, तो गोठीत काही करत नाही, नुसता उभा राहते. आता पाणी राखणारी पानबुढी हाय, तिची चाल माह्या मावशीची, पण तोंड सासूचं. सासू ओसरीतच बसून आयके. एक दिवस म्हणे हे बुढी घागरी मोजते ते मीच ना वो. मी म्हटलं नाही मामी. म्हणे खोटं नको बोलू, तहान लागन. मले वाटलं आता भांडण, तं म्हणे मोजू दे, पण तिच्या हातात काठी दे, रिकाम्या हातानं बुढीले कोण भेते. देल्ली काठी. तेव्हापासून रोज इचारते, आज म्या काय केलं.

पण तेजूचा बाप मले एका दुपारी सुचला, एका बैठकीत, पूरा. तेव्हाच मले शंका याले पाह्यजे होती. जे एवढं सोपं येते ते आपलं नसते. बाप असा लिहिला का बाटलीच्या टोपणानं पाणी पेते, टोपण भरते, ओठाले लावते, अन् टोपण पुन्हा बाटलीले घट्ट बसवते जसं काही लय पेला. मले वाटलं खाऱ्या मुलखातला माणूस दाखवाले काय झकास सुचलं आपल्याले.

तं तो सुपडाभाऊ होता. आमच्या भिंतीपलीकडचा माणूस. पह्यले शेगावच्या रस्त्यावर काळी-पिवळी चालवे, मंग किडन्या गेल्या, आमच्याकडे हे घरोघरी हाय, आता आठवड्यातून दोनदा खामगावले डायलिसिसले नेतात. डॉक्टरनं पाणी मोजून सांगतलं. म्हणून तो ओट्यावर बसून टोपणानं पेते. मी ते रोज पाहो, मशीनवरून मान वर केली का तोच दिसे. पाहून पाहून ते डोळ्यात गेलं अन् मले वाटलं डोक्यातून आलं. खरं सांगते, मले बिलकुल माहीत नव्हतं. आता कोणी म्हणन असं कसं माहीत नव्हतं. मीही तेच म्हणते.

इकडे गोठ शेवटाले आली. तेजूची घागर भरली. त्या पुण्याच्या पोरी खाली लिहू लागल्या, ताई, बाप मेला पाह्यजे, ती पाणी घेऊन येईल अन् उशीर झालेला असेल, तेव्हाच रडू येईल. एकीनं लिहिलं, बाप मेला की तेजू निवळची राणी होईल. साऱ्याईनं तिले अंगठे देल्ले. अन् मी खोटं नाही बोलत तुमच्यापाशी, मलेही वाटलं होतं का हे जमते. गोठीच्या हिशेबानं जमते.

हे सारं वैष्णवी नीट करत होती ना, तिनं वाचलं. चार दिवस आली नाही. मंग एक दुपारी आली ते हातात सूप घेऊन, अन् सुपात मूठभर कोंडा. कणीक चाळून काढलेला गव्हाचा कोंडा. उंबऱ्याच्या बाहेर उभी राह्यली, आत येईना. मी म्हटलं काय वो हे, म्हणे काकू, तुम्ही माह्या बापाले नेलं. मी म्हटलं कुठी नेलं बाई, तो काय ओट्यावर बसला. म्हणे गोष्टीत नेलं. मले माहीत होतं पह्यल्यापासून, मले बरं वाटे, पण आता तुम्ही त्याले मारसान. हा कोंडा घ्या अन् माह्या बाप मले वापस द्या.

मी हासाले पाहो पण हासू आलं नाही. तुम्ही तिकडले, तुम्हाले सांगा लागन. आमच्याकडे ज्या बाईचे लेकरं जगत नाहीत ते पुढचं लेकरू सुपात घालून दुसरीच्या उंबऱ्यावर देऊन टाके, हे माह्यं नाही, तुह्यं घे, अन् मंग मूठभर कोंडा देऊन वापस इकत घे. म्हणजे मरणाले वाटावं का हे तं कोंड्याच्या भावाचं लेकरू, याले काय न्याचं. त्या लेकराचं नाव मंग सुपडा, कोंडू, असंच. सुपडाभाऊचं नाव तसंच पडलं. अन् कोणाच्या उंबऱ्यावर देल्ला होता? आमच्याच. माह्या आजेसासूनं घेतला होता तो.

सासू खाटेवरून उठली. तिनं ते तेव्हा नव्या सुनेपणी डोळ्यानं पाह्यलं होतं. ते म्हणे हाव, अथीच, याच उंबऱ्यावर, अन् माह्या सासूनं काही पाच मिनिटं लावले नव्हते. घे तो कोंडा, पोरगी ऊनात उभी हाय. मी म्हटलं मामी, ते गोठीतला बाप हाय. सासू म्हणे मंग? मी पदर पसरला, पोरीनं कोंडा ओतला, सासूनं इचारलं कोणाचं लेकरू, पोरगी म्हणे माह्यं. बापाले माह्यं लेकरू म्हणाली ते. अन् रडली नाही, सूप झटकलं अन् गेली. कोंडा मी गाईले टाकला, तसंच करतात.

आता मी सोडवून देल्लेला माणूस पुन्हा कसा लिहू? पुढच्या भागात बापाचं नावच नाही. तेजू चालून राह्यली, घागर डोक्यावर, पण कोणासाठी चालून राह्यली ते मीच सांगेना. नाशकाची पोरगी इचारे ताई, बाबा कुठे गेले, पुण्याची म्हणे ताई विसरल्या वाटतं. वैष्णवी मात्र खुश. त्या भागातल्या अक्षरायच्या चुका तिनं गाणं म्हणत सुधारल्या.

मंग एक दिवस सुपडाभाऊ भिंत धरत धरत आला, डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी त्याले जरा तरतरी राहते. मशीनजवळ बसला अन् म्हणे वयनी, मी कुठी गेलो? मले काही समजेना. म्हणे पोरगी झोपली का मी तिच्या मोबाईलमधी वाचतो, पह्यल्या भागापासून वाचतो, अन् आता दोन भाग झाले मी नाही. मी म्हटलं भाऊ, तुम्हाले पोरीनं सोडवून नेलं. सारं सांगतलं, सूप, कोंडा, सारं. मले वाटलं रागावला. मंग म्हणे पोरगी चांगली हाय माह्यी. पण वयनी, मले तथी बरं वाटे. अथी मी बिमार माणूस हावो, खामगावले नेतात अन् आणतात, कोणी माह्यी वाट पाहत नाही, माह्यी सोय पाहतात. तथी मी कोणाची तरी वाट पाहत होतो. मले परत घ्या, पोरीले सांगू नका.

मी म्हटलं भाऊ, तिनं तुम्हाले माह्यापासून इकत घेतलं. तो हासला, म्हणे मी कोंड्यातच इकल्या जाणारा माणूस, अजून एकदा इका. एक मांगते का काढा, एक मांगते का घ्या, अन् दोघं एकाच घरात राहतात, अन् दोघंही एकमेकासाठीच मांगतात. सासूले इचारलं तं ते म्हणे मले नको इचारू, मी आपली काठी घेऊन बसली. मी दोन आठवडे काही बोलली नाही मोबाईलमधी. लोकायचे ब्लाऊज उलटे शिवले, अस्तर बाहीरून.

शेवटी मी बापाचं नाव घेतलं नाही, त्याले आणलंही नाही अन् मारलंही नाही. फक्त एवढं लिहिलं का तेजूले रस्त्यात एक जण भेटला, त्यानं इचारलं एवढं पाणी कोणासाठी वो, तं ते म्हणे घरी एक जण वाट पाहून राह्यला. कोण ते नाही लिहिलं. वैष्णवीनं ते वाचलं, माह्याकडे पाह्यलं, चूक नव्हती तं सुधारलं नाही. पुण्याच्या पोरी कंटाळल्या, म्हणतात ताई, गोष्ट लांबवून राहिल्या तुम्ही, शेवट करा. काही सोडून गेल्या. जाऊ द्या.

आता मी दर भागात तिले थोडंसंच चालवते. कधी बाभळीखाली बसवते, कधी घागर डोक्यावरून कमरेवर. हे लिहिणं होय का काय होय ते तुम्ही सांगा, तुम्ही शिकेल माणसं, मले नाही समजत. जेव्हा भाग जाते त्या दिवशी सुपडाभाऊ ओट्यावरून आवाज देते, वयनी, पोहोचली का पोरगी? मी म्हणते नाही भाऊ, रस्त्यातच हाय अजून. तो म्हणते सावकाश येऊ द्या तिले, मी हावो. बस, तेवढं आयकलं का मी मशीन चालू करते. देव त्या लेकीचं पाणी घरी पोहोचवो, पण घाई नको करो.