सुपातले खिळे

...आन् वरून मलेच विचारतात, "खिळे म्हंजे काय तांदूळ होय?" आता तुमीच सांगा, दिवाळी तोंडावर आली, भिंती सारवल्या, भांडी घासली, मंग छापखान्यानंच काय घोडं मारलं होतं? छापखाना म्हंजे आमची ओसरीच. एक पायानं चालवाची मशीन आन् खनाखनाचे लाकडी खोके. त्या खनात शिशाची अक्षरं, त्याच अक्षराले खिळे म्हनतात. जिकडे हात लावावा तिकडे शाई, धूळ, एका खनात तं पालीची अंडी! म्या सारे खोके टोपल्यात उपडे केले, मट्टीच्या तेलानं खिळे घासले आन् अंगनात नवे तांदूळ वाळत होते, त्याच्या बाजूले सुपात वाळू घातले. कोंबडं एकदा मधातून फडफडत गेलं, तेवढंच. बाकी असे चमकत होते म्हनता...

आमचे मालक बाजारातून आले. सूप पाह्यलं. मटकन खाली बसले. "अवं, क कुठी? ख कुठी? काना-मात्रा कुठी? सारा काला केला तुनं! खिळे म्हंजे काय तांदूळ होय?"

चूक झाली, मान्य हाय. पन मंडई तोंडावर होती ना! दिवाळी झाली का आमच्या मूल गावाले मंडई, म्हंजे जत्रा भरते, मंडईत रातभर नाटक, आन् 'जावयाचा फेटा' या नाटकाचे जाहिरातीचे कागद आमीच छापनार होतो. खिळे जुळवनारा आमचा नथ्थू सासुरवाडीले सिरोंच्याले गेला, तिकडची मासोळी तोंडाले लागली, तो काई परत येईना. म्हनून मी शिकून राह्यले होते.

अक्षराचा मले पयलेपासून नाद. लगनघरी भिंतीवर गेरूनं नवरा-नवरीचं नाव लिवाचं असलं का मलेच बलावनं येते. माह्या 'श्री'ची शेपटी पाहून पाहुने पंगत विसरतात, खोटं नाई सांगत! पन भिंतीवरचं अक्षर पान्यानं वाहून जाते. खिळा मुठीत धरता येते. थंडगार, उलटा, इवलासा... पयल्यांदा म्या माह्यं नाव जुळवलं आन् कागदावर ते सुलटं उमटलं, तवा मले रडूच आलं.

आन् आता मालक म्हनतात, "नागपूरवरून जुळारी आनतो. तू आपली चूल पाय!"

चूल? माह्यं डोस्कं तापलं. म्हटलं, नसतील खिळे तांदूळ, निवडता तं येतात ना? गेले तशीच राईस मिलवर. तिथं सोनीबाई आन् भागीरथा तांदूळ निवडतात. दोघीयले सूप घेऊन बलावलं. अक्षरवळख कोनालेच नाई. म्या एकेक नमुना समोर ठेवला, म्हटलं, असाच असा शोधा.

काय ते हात चालले बाप्पा! सोनीबाई म्हने, "हा पोटुशा इकडे टाक वं." तो व! भागीरथा म्हने, "हा चष्मेवाला कोनाचा?" तो आपला ळ! "आन् हा लंगडा?" तो र! मालक दारात उभे. थोड्या वेळानं गुपचूप आत गेले आन् आमच्यासाठी चहा घेऊन आले. हो, मालक! चहा!

दिवस बुडाच्या आत खोके भरले. फक्त एक खिळा सापडेना. आता नवऱ्याचं नाव मी तोंडानं घेत नाई, पन कागदाच्या खाली ठळक अक्षरात खिळ्यानं घ्यावंच लागते. त्याचं पयलं अक्षर झ, आन् मोठा झ साऱ्या छापखान्यात एकच. तोच गायब! झ बिगर मालकाचं नाव कसं छापावं? आन् जागा रिकामी तरी कशी ठेवावी? म्हनून म्या तिथं छापलं... 'जुळणी आणि छपाई : सुगंधाबाई'. नाटकातल्या राजापेक्षा मोठ्या अक्षरात!

मंडईत ज्याच्या त्याच्या हातात माहा कागद. नाटकवाले दादाजी म्हने, "बाई, इतका देखना कागद आमाले कवाच भेटला नाई." मी फुगून हे एवढी झाले. आन् सोनीबाई त्या कागदावर बोट ठेवून साऱ्यायले दाखवून राह्यली, "हा पोटुशा माह्या सुपातला होय!" तिच्या तोंडाकडे पाहून मले माह्या नावाचाही इसर पडला.

दुसऱ्या दिवशी नव्या तांदळाचा भात केला. मालक जेवाले बसले, घास घेतला, आन् कट्! गाल धरला. तोंडातून काढलं, धुतलं, उजेडात धरून पाह्यलं... मोठा झ!

मी पदर तोंडात कोंबला. म्हटलं, "आता बोला. खिळे म्हंजे काय तांदूळ होय?"

मालक उठले, झ त्याच्या खनात ठेवला, परत येऊन भाताले बसले. मंग हळूच म्हनाले, "नागपूरले नाई जात मी. जुळारी तूच. पन तांदूळ जरा नीट निवडत जाय."

घ्या! म्हंजे आता खिळेही म्याच जुळवाचे, आन् तांदूळही म्याच निवडाचे.